काजरीपर्यंतचे थांबे

तेजल मगदूमची उजवीकडची खालची दाढ बुधवारी सकाळी काढली, आणि डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवायच्या आत तिने हात पुढे केला. "द्या इकडे," असं तिला म्हणायचं होतं. पण अर्धी जीभ बधिर होती, त्यामुळे नुसताच हुंकार निघाला. डॉक्टरांना तेवढ्यावर कळलं. हल्ली कोल्हापुरात काढलेली दाढ कोणी टाकून देत नसे. लोक ती धुऊनपुसून कुंकवाच्या करंड्यात ठेवत. पोरांचे पडलेले दात कौलावर भिरकावून चिमणीकडे नवा मागायची रीत होती, तीही मागे पडत चालली होती. पोराचा दात हलायला लागला की आई डबी घेऊन तयार. पुढे लग्न ठरवायचं तर पत्रिकेच्या जोडीला दंतलेख लागायचा.

आणि तेजल ते दंतलेख वाचणारीच होती. शाहूपुरीतल्या केंद्रात तिने अकरा वर्षं लोकांच्या दाढा वाचल्या होत्या. स्वतःची मात्र कधी वाचली नव्हती. दाढेच्या दुखण्याने निमित्त दिलं, एवढंच. खरं कारण वरद होता.

वरद कुरणे पंचगंगेच्या पुलावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्यात होता. नदीसारखाच सावकाश माणूस. गेली दोन वर्षं दोघं रंकाळ्याजवळच्या दोन खोल्यांत एकत्र राहत होते. मागच्या रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तो म्हणाला होता, "माझी राधानगरीला धरणावर बदली झालीय. दोन वर्षांसाठी. शुक्रवारी संध्याकाळी जीप यायचीय."

"बरं."

"तू येशील का? आणि तिथे गेल्यावर आपण लग्न करून टाकू का?"

तेजलने चादरीचं एक टोक पिळलं, परत पिळलं. "आणि नाही आले तर?"

"तर नाही आलीस. फक्त मी झोपलेला असताना जाऊ नकोस."

तिने स्वतःच त्याला कधीतरी सांगून टाकलं होतं. याआधी ती दोघांच्या आयुष्यातून उठून गेली होती. पुण्यातला आंघोळीला गेला होता तेव्हा. सांगलीतला दुपारी झोपला होता तेव्हा. भांडण नाही, चिठ्ठी नाही. माणूस जवळ यायला लागला, 'कायमचं' हा शब्द घरात फिरायला लागला, की तिच्या पायांना आपोआप वाट फुटायची. चपला हातात घेऊन, कडी न वाजवता.

"म्हणून तर मी आंघोळीला जाताना दार उघडं ठेवतो," वरद हसत म्हणाला. "शेजारच्या काकू काय म्हणत असतील कोण जाणे."

कपाटाच्या तळाशी तिची एक निळी पिशवी कायम भरलेली असायची. दोन ड्रेस, टॉवेल, साबण, चार्जर. वरदला ती माहीत होती. केर काढताना तो ती उचलायचा, खालून झाडून घ्यायचा आणि होती तशी परत ठेवायचा.

*

दाढेत काय वाचतात, ते आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी थोडक्यात सांगायला हवं.

झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं पडतं, तसं दाताच्या इनॅमलमध्ये दिवसाचं एक कडं पडतं. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतकं बारीक. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेचं इनॅमल मात्र घडायला लागतं जन्माच्या सुमारास आणि पुरं होतं तिसऱ्या वर्षाच्या आसपास. हाडं झिजतात, भरतात, बदलतात; इनॅमल एकदा घडलं की घडलं. बाळ घाबरलं, आकांताने रडलं, की त्याच्या रक्तात काही द्रव्यं चढतात, कोणी जवळ घेतलं की उतरतात, आणि या चढउताराचा बारीकसा अंश त्या दिवसाच्या कड्यात अडकून राहतो. नव्या यंत्रांना तो अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने वाचता येऊ लागला, आणि माणसाला कधीच न आठवणारी ती तीन वर्षं कागदावर उतरली. बाळ कधी रडलं ते दिसू लागलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणी आलं की नाही, आणि किती वेळाने आलं, तेही दिसू लागलं.

ज्यांच्या हाकेला कोणीतरी वेळेवर यायचं, ती मुलं मोठेपणी सहसा विसंबून प्रेम करतात. त्यांचा वर्ग 'निश्चिंत'. कधी यायचं, कधी नाही, अशी मुलं मोठेपणी माणसाला गच्च धरून ठेवतात, फोनला दोन मिनिटं उशीर झाला तरी कासावीस होतात. ती 'धास्तावलेली'. आणि ज्यांनी हाक मारणंच सोडून दिलं, ती 'अलिप्त'. शास्त्रज्ञ 'सहसा' हा शब्द घोळवून घोळवून म्हणत. वधूवर मंडळांनी तो गाळून टाकला.

"नाव नको टाकायला, जमीरभाई. नुसता क्रमांक टाका," बुधवारी दुपारी गालाला बर्फाची पिशवी लावून तेजल म्हणाली.

जमीर मुल्ला केंद्रातला सगळ्यात जुना माणूस. दाढेचा काप यंत्राखाली सरकवत तो म्हणाला, "का हो मॅडम? कुठल्या नवरदेवाची चोरून आणलीत?"

"माझीच आहे."

 जमीरभाईने खुर्ची ओढली, दोघं पडद्यासमोर बसली. अर्जातल्या 'सांभाळणारे' या रकान्यात तेजलने 'आई' असं लिहिलं होतं.

पडद्यावर पहिली ठळक रेघ आली. जन्मरेषा. प्रत्येक दाढेत ती असतेच. जन्माला येणं हा पहिला धक्का. पुढे सहा महिने सगळं कसं तळ्याच्या पाण्यासारखं. आणि मग सातव्या महिन्यापासून दर दुसऱ्या संध्याकाळी एक उंचवटा. संध्याकाळी चढायचा, रात्रभर तसाच, सकाळी उतरायचा. एक दिवसाआड, नेमाने.

"घड्याळ लावून रडत होतात की काय?" जमीरभाई पुटपुटला.

"मुक्कामी गाडी," तेजल म्हणाली, आणि त्याला समजावून सांगितलं.

तिची आई, सुवर्णा, एसटीत कंडक्टर होती. घाटमाथ्यावरचं आंबेखोल हे डेपोचं गाव. संध्याकाळची गाडी घाट उतरून खाली कोकणातल्या काजरीला जायची, तिथेच मुक्काम करायची आणि सकाळी वर यायची. बाळंतपणाची रजा संपली आणि एक दिवसाआड ती ड्युटी सुरू झाली. तेजलचा बाप ती पोटात असतानाच घर सोडून गेलेला. "तुला मी एकटीनं वाढवलंय," हे वाक्य तेजलने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला घराच्या भिंतीसारखं वाटायचं.

जमीरभाईने चित्र पुढे सरकवलं आणि थांबला. "हे काय?"

दहाव्या महिन्यापासून चित्र बदललं होतं. उंचवटा तसाच, संध्याकाळच्या त्याच वेळी. पण तो रात्रभर टिकत नव्हता. अर्ध्या-पाऊण तासात उतरत होता. आज, परवा, त्याच्याही परवा. पावसाळा, हिवाळा. दोन वर्षं. एकदाही चुकलं नव्हतं.

"कोणीतरी यायचं," जमीरभाई म्हणाला. "आई खाली काजरीला, आणि इथे कोणीतरी यायचं. मी इतक्या वर्षांत असा नेम पाहिला नाही. सख्खी आईसुद्धा एखाद्या दिवशी कंटाळते."

तेजल पडद्याजवळ सरकली. तिच्या आठवणीत कोणीच नव्हतं. चेहरा नाही, वास नाही, नाव नाही.

आणि मग वय दोन वर्षं अकरा महिने. एक रेघ. जन्मरेषेइतकीच काळी. तिच्यापुढे एक्केचाळीस दिवस उंचवटेच उंचवटे, उतार कुठेच नाही. बेचाळिसाव्या दिवसापासून पाटीवरून हात फिरवावा तसं सपाट. चढ नाही, उतार नाही. इनॅमल संपेपर्यंत तसंच.

"शांत झाली," तेजल म्हणाली.

"तुम्ही असं म्हणताय?" जमीरभाईने चष्मा काढला. "आमच्या अम्मीकडे एक मांजर होतं. त्याची पिल्लं कोणीतरी नेली. आठ दिवस जिन्यात बसून ओरडलं. नवव्या दिवशी गप्प झालं. सगळे म्हणाले, विसरलं. पण त्या जिन्यात ते मरेपर्यंत परत कधी बसलं नाही."

यंत्रातून कागद बाहेर आला. वर्ग: अलिप्त. जोडीदाराने दीर्घ सहवासाची अपेक्षा जपून ठेवावी. हे वाक्य तेजलने शेकडो लोकांच्या हातात दिलं होतं. पाण्याचा पेला पुढे करून, समजुतीच्या आवाजात. त्या दोन वर्षांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

*

वरदला आईकडे चाललेय एवढंच सांगून गुरुवारी सकाळी ती आंबेखोलला पोचली तेव्हा आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. बासष्ट वर्षांची बाई, पण अजून पाठ बसमधल्या दांड्याला टेकल्यासारखी ताठ. लेकीचा सुजलेला गाल बघून तिने परात बाजूला केली.

"दाढ काढलीस आणि मला फोन नाही? कुणी सांगायचं मला, पेपरात यायची वाट बघू?"

"आई..."

"आंबील केलीय, ती पी आधी. चावायचं कामच नाही. आणि त्या वरदाला का नाही आणलंस? सोडलंस वाटतं त्यालाही?"

"आई, लहानपणी मला कोण सांभाळायचं?"

"मीच. दुसरं कोण आलंय?"

तेजलने पर्समधून कागद काढून परातीशेजारी ठेवला. दोन वर्षांच्या त्या चढउतारांवर बोट ठेवलं. "ही तुझी मुक्कामी गाडी. तू काजरीला होतीस. मग अर्ध्या तासात मला उचलून कोण घ्यायचं?"

आईने कागद हातात घेतला. तिला त्यातलं काही कळायची गरज नव्हती; तारखा कळत होत्या. तिने हातातली शेंग फोडली, दाणे सोलले, आणि दाणे टाकले टरफलांच्या ढिगात.

"दातात हेही राहतं व्हय?" ती बारीक आवाजात म्हणाली.

मग तिने सांगितलं. एका दमात नाही. उठून चूल बघून, पदर सारखा करून, अडखळत.

डेपोत गाड्या धुणारी एक बाई होती. गुणाबाई. नवरा गेलेला, मूल नाही. आई ड्युटीवर गेली की तेजल शेजारणींच्या हातून फिरायची, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि रात्रभर रडायची. एका संध्याकाळी गुणाबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि बाळ मागून घेतलं. डेपोच्या मागे भंगारात निघालेली एक जुनी लाल गाडी उभी होती. चाकं नसलेली, विटांवर टेकलेली. गुणाबाईने तिच्यात दोन दांड्यांना आईची जुनी खाकी साडी बांधून झोळी केली.

"आणि थांबे म्हणायची," आई म्हणाली.

"थांबे?"

"माझ्या गाडीचे. पाळण्यासारखे म्हणायची. आत्ता आई इथं पोचली, आत्ता इथं. शेवटच्या थांब्याला गाडी झोपली की तू झोपायचीस. आणि सकाळी तेच थांबे उलटे. उलटे संपले की मी दारात. डेपो मॅनेजर हसायचे. म्हणायचे, सुवर्णाबाई, कंट्रोल रूमपेक्षा तुमच्या पोरीला गाडीचा पत्ता जास्त."

 वरद तेजलला चिडवायचा, "झोपेत गावांची नावं घेतेस तू. पाणघळ, करवंदी, काजरी. कुठं निघालेली असतेस?" आईच्या नोकरीमुळे कानावर पडली असतील, असं तिला वाटायचं.

"मग ती गेली कुठे?"

आईने मान रस्त्याकडे फिरवली. समोरच्या रस्त्यावरून एक गाडी आवाज न करता गेली. नव्या गाड्यांना आवाजच नव्हता.

"एक दिवस डेपोच्या आवारात तू पडलीस," ती म्हणाली. "गुडघा फुटला. मी ड्युटीवरून उतरत होते. मी हात पसरले. तू माझ्या हाताखालून पळत पलीकडं गेलीस. तिच्याकडं. तिला आई म्हणालीस."

"मी लहान होते."

"मीपण काय मोठी होते गं? तिशीची. तुझा बाप गेला, म्हटलं जाऊ दे, पोरगी तरी माझी आहे." आईने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "त्याच महिन्यात गाड्या धुवायचं यंत्र आलं. तिचं काम गेलं. ती म्हणाली, मी पोरीसाठी राहते इथंच, भाकरीचं बघू कायतरी. मी म्हणाले, नको. काजरीला तुझी बहीण आहे, तिकडं जा. आणि पोरीला सांगू नकोस, रडेल. तिचं लक्ष नाही तोवर नीघ."

सगळेच असं करत. अजूनही करतात. पोराला चिऊकाऊ दाखवायची, खेळणं द्यायचं आणि मागच्या दाराने निसटायचं. त्यात माया असते, असंच सगळे समजतात.

"मी तुझ्या हातात तिकिटाचं मशीन दिलं. बटण दाबलं की कागद यायचा. तू कागद ओढत बसलीस, ओढत बसलीस. मागं वळून बघितलंस तेव्हा ती नव्हती."

"आणि मग?"

"मग महिना-सव्वा महिना रडलीस. नंतर थांबलीस. सगळे म्हणाले, शहाणी झाली पोरगी. मीपण म्हणाले." आईने तो कागद घडी घालून परत दिला. "कशी शहाणी झालीस ते बघतेच आहे गेली पंधरा वर्षं. एकाला सोडलंस, दुसऱ्याला सोडलंस. दर वेळी मला वाटायचं, आता हिला सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर मलाही सोडेल."

आंबील निवून तिच्यावर साय धरली होती. तेजलला रागाने उठून निघून जायचं होतं. तरी तिने वाटी उचलली आणि पिऊन टाकली. न पिता उठली असती तर ती परत आली नसती, हे तिला स्वतःला माहीत होतं.

"जिवंत आहे?" तिने विचारलं.

"काजरीलाच आहे. मी रिटायर होईपर्यंत एक दिवसाआड थांब्यावर उभी असायची. गाडी थांबायच्या आत विचारायची, पोरगी कशी आहे? मी तिला तुझं सगळं सांगितलं. दहावीचे मार्क सांगितले, नोकरी सांगितली. तुला मात्र तिचं..." आई उठली. पायात चपला सरकवल्या. "चल. साडेअकराची गाडी आहे."

*

घाट तोच होता, गाडी नवी होती. आई खिडकीशी बसली, आणि पहिलं वळण येताच तिच्या तोंडून आपोआप निघालं, अर्धं बोलल्यासारखं, अर्धं गाण्यासारखं:

"पहिला गं थांबा, पाणघळीच्या पाण्याला,
आई फाडिते तिकीट, रानातल्या वाऱ्याला.
दुसरा गं थांबा, करवंदीच्या वळणाला,
आई मारिते घंटी, थांब म्हणते चंद्राला..."

"पुढचं मला येत नाही," ती म्हणाली. "मी गाडीत असायचे ना. जेवढं कानावर पडलं तेवढंच."

गाडी दगडी पुलावर आली. खाली ओढ्यात जांभळीची सावली पडली होती. तेजलने तोंड उघडलं, आणि दाढेच्या ओल्या जखमेतून, बधिर झालेल्या कुठल्यातरी जागेतून शब्द आले:

"तिसरा गं थांबा, दगडाच्या पुलावरी,
आई मोजिते माणसं, तुझं नाव ओठांवरी."

पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी मागे वळून पाहिलं. आईने लेकीचा हात धरला. तेजलने तो काढून घेतला नाही. तसं करायची सवय होती, पण नाही घेतला.

काजरीचा थांबा म्हणजे पत्र्याची शेड आणि मागे काजूची झाडं. पलीकडेच शेणाने सारवलेलं अंगण होतं. अंगणात खाटेवर एक म्हातारी काजूबिया निवडत होती. बोटांनी चाचपून, कारण डोळ्यांत मोतीबिंदू दाटलेला.

"गुणाबाई," आईने हाक मारली. "बघ, कुणाला आणलंय."

म्हातारीने मान वर केली. तिच्या डोळ्यांपुढे नुसत्या दोन सावल्या असणार. एक सावली ओळखीची. दुसरीकडे ती बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि तेजलच्या गालावर ठेवला, नेमका सुजलेल्या गालावर.

"ठकू?" ती म्हणाली. "अगं, अजून दात पडायलेत व्हय तुझं?"

तेजल हसली, आणि हसता हसता खाली बसली, आणि त्या खाटेच्या दोरीत तोंड खुपसून इतकी रडली की काजूबिया अंगणभर सांडल्या. गुणाबाई तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. किती वेळ गेला कोणी मोजलं नाही. यंत्राने मोजलं असतं तर अर्धा तास भरला असता.

"सोन्यावानी पोरगी," गुणाबाई म्हणाली. "सुवर्णाबाय, हिला काय खायला घातलंस का नाय?"

"आंबील पिऊन आलीय."

"आंबिलीवर घाट उतारला? तूबी कमाल केलीस."

दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी गेल्या. मऊ भात शिजला. आई भात ढवळताना काहीतरी हळू बोलली, गुणाबाई म्हणाली, "जाऊं दे गं. मीबी तुज्या जागी असते तर हेच केलं असतं." आणि लगेच, "मीठ कशाला टाकलंस एवढं?"

जेवताना तेजलने विचारलं, "त्या दिवशी तू मला काही म्हणालीस का?"

"म्हनलं की. येते, म्हनलं. जाते कसं म्हनायचं लेकराला? पर तू पाठमोरी हुतीस. तुज्या पाठीलाच म्हनलं." गुणाबाईने घास कालवला, तसाच ठेवला. "पाठीला ऐकू येतंय व्हय कुठं? तवापास्नं तेवढंच लागून राहिलंय जिवाला. गेले त्याचं न्हाई. तुज्या तोंडाकडं बघून गेले न्हाई, त्याचं."

रात्री तिघी तिथेच राहिल्या. शुक्रवारी सकाळी वर जाणारी गाडी थांब्याला लागली, आई आधी जाऊन चढली. तेजल उठली, चार पावलं चालली, आणि गुणाबाई खाटेवरून म्हणाली, "थांब. अशी न्हाई. माज्याकडं बघ."

तेजल वळली. परत आली. त्या धुरकट डोळ्यांच्या अगदी समोर उकिडवी बसली.

"येते," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी. वरदला घेऊन."

"कोण वरद?"

"येईल तेव्हा विचार त्याला."

गाडीने वळण घेईपर्यंत ती मागच्या काचेतून बघत राहिली. अंगणातली आकृती हात हलवत होती, थोडी चुकीच्या दिशेला, झाडांकडे.

*

दुपारी दोन वाजता ती घरी पोचली. दारात दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवलेल्या, तिसरी उघडीच. वरद गादी गुंडाळून झाल्यावर सतरंजीवरच आडवा झाला होता आणि गाढ झोपला होता. तोंड थोडं उघडं, एक हात डोक्याखाली. कपाट रिकामं होतं. तळाशी फक्त निळी पिशवी, जिथल्या तिथे. तिच्याखालचा केर काढलेला.

खोली शांत होती. आणि त्या शांततेत तेजलचे पाय तिच्या आधी जागे झाले. हात पिशवीपर्यंत गेला. तिने चपला काढल्या नव्हत्या. आता काढल्या आणि हातात घेतल्या. एवढी सोपी दुपार पुन्हा मिळणार नव्हती. त्याचं लक्ष नव्हतं. इनॅमलमधल्या त्या काळ्या रेघेपासून इथपर्यंत एक सरळ रस्ता होता, सपाट, उंचवटे नसलेला, आणि तो तिला पाठ होता.

दारापर्यंत गेली. कडीवर बोट ठेवलं. पाठीमागे त्याचा श्वास चालू होता.

पाठीला ऐकू येतंय व्हय कुठं?

ती मागे आली. पिशवी खाली ठेवली. चपला आपटल्या, मुद्दाम.

"वरद. ए वरद, ऊठ."

तो दचकून बसला. आधी तिच्याकडे, मग पिशवीकडे, मग दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावरची झोप एकदम उतरली. "चाललीस?"

"हो."

त्याने मान हलवली. कुठे म्हणून विचारलं नाही. फक्त डोळे चोळले आणि नीट बसला, निरोप नीट घ्यायचा असल्यासारखा.

"दही आणायला," तेजल म्हणाली. "चावता येत नाहीये. दहीभात खाईन. अर्ध्या तासात येते."

"दह्यासाठी उठवलंस मला?"

"हो."

"दोन दिवस रात्री झोप नाही, आत्ता कुठं डोळा लागला होता..." तो बोलता बोलता थांबला. तिच्याकडे बघत राहिला. ती तिथेच उभी होती, त्याच्या तोंडाकडे बघत.

"येते," ती पुन्हा म्हणाली, आणि गेली.

रस्त्यावर आल्यावर तिने वर पाहिलं. तो बाल्कनीत उभा होता, गंजीफ्रॉकमध्ये, केस विस्कटलेले. कोपऱ्यावर वळताना पुन्हा पाहिलं, तरी उभाच. दुकानात गर्दी होती. एका म्हाताऱ्याने सुट्या नाण्यांसाठी सगळ्यांना खोळंबवलं. तेजल आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ बघून चुळबुळली, दह्याची पिशवी हातात आल्यावर जवळजवळ पळत निघाली.

"सव्वीस मिनिटं," जिन्याच्या तोंडाशी वरद म्हणाला.

"मोजलीस?"

"पाणी मोजणारा माणूस मी. दुसरं येतंय काय मला?"

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि धाप लागलेल्या आवाजात तिने त्याला गुणाबाईचं सांगितलं, लाल गाडीचं सांगितलं, काजरीपर्यंतचे सगळे थांबे सांगितले. यंत्राचा कागदही दाखवला. वरदने 'वर्ग: अलिप्त' वाचलं, आणि मग बराच वेळ ते दोन वर्षांचे उंचवटे बघत राहिला, एकेक चढ, एकेक उतार, नदीचा तक्ता वाचावा तसा.

"पूर आला तरी उतरतो ना," तो म्हणाला. "उतरायची सवय आहे हिला. एवढं तरी कागदावर लिहायला हवं होतं."

सोमवारी केंद्रात फोन करून जमीरभाईला तेच सांगायचं, असं तिने ठरवलं. 'सांभाळणारे' या रकान्यातही दुरुस्ती करायची होती. तिथे एकाच नावापुरती जागा होती. ती वाढवून घ्यायला लागणार होती.

"जीप पाचला येईल," वरद उठत म्हणाला. "मी आंघोळ करून घेतो." दोघं वर खोलीत आली. मोरीशी पोचल्यावर त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं हसत. "दार उघडं ठेवू ना?"

तेजल उघड्या ट्रंकेसमोर बसली होती. निळी पिशवी तिच्या मांडीवर होती.

"लाव," ती म्हणाली. "कडीपण घाल."

आतून कडी पडली, पाणी सुरू झालं. तेजलने पिशवीची चेन ओढली आणि एकेक कपडा घडी मोडून, पुन्हा नीट घडी घालून, त्याच्या शर्टांवर रचायला सुरुवात केली.